सात खांब, एक गुडघा आणि बेदाणे

वाचकाचं पत्र

ताई, सप्रेम नमस्कार.

मी तासगावची. एकतीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला, आता निवृत्त आहे. मुलगा-सून फ्रँकफर्टला असतात. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही दोघं आणि ते दोघं असे चार दिवस अथेन्सला जाणार आहोत. मुलगा म्हणाला, "आई, त्यातला एक दिवस तुझा. कुठं जायचं ते तू सांग." मी पटकन बोलून गेले, करिंथ. त्यानं पूर्ण दिवसाची खासगी गाडी बघितली. आकडा ऐकून ह्यांनी कपाळाला हात लावला. ह्यांचं म्हणणं असं की, बसच्या सहलीत चौथाई पैशात करिंथचा कालवा, मायसीनी, नाफ्प्लिओ, एपिडॉरस असं सगळं एका दिवसात होतं. मग एका गावाच्या पडक्या दगडांसाठी पोराचा पैसा कशाला घालवायचा? ह्यांची द्राक्षबाग आहे, बेदाण्याचं शेड आहे. जुन्यापान्या अवशेषांत ह्यांना काडीची गोडी नाही. डाव्या गुडघ्याचं ऑपरेशनही झालंय. हे दिवसभर तोंड पाडून बसले तर माझंही लक्ष लागणार नाही. बस घ्यावी का? की करिंथचा नाद सोडावा? एवढा दिवस घालवण्यासारखं तिथं खरंच काही आहे का? आणि साडी चालेल ना?

तुमची नियमित वाचक

उत्तर

बाई, नमस्कार.

आधी उत्तर देते, पाल्हाळ मग लावते. करिंथ सोडू नका. बस घेऊ नका. खासगी गाडी घ्या, पण मुलानं बघितली आहे ती डोळे झाकून घेऊ नका. तिच्यात काय धरलंय आणि काय नाही, ते आधी विचारा. आणि साहेबांना मागं मागं फरफटत नेऊ नका. त्या दिवसातले दोन तास सरळ त्यांच्या नावावर करून टाका. साडी चालेल.

बसचा हिशेब साहेबांनी मांडलाय तर आपणही मांडू. अथेन्सहून करिंथचा कालवा साधारण ८० किलोमीटर, सव्वा तासाचा रस्ता. तिथून मायसीनी, मग नाफ्प्लिओ, मग एपिडॉरसचं नाट्यगृह, आणि रात्रीच्या आत परत अथेन्स. बसमध्ये चाळीसएक माणसं. प्रत्येक ठिकाणी चढा, उतरा, डोकी मोजा. मायसीनीला चढ आणि एपिडॉरसला पायऱ्या, म्हणजे ऑपरेशन झालेल्या गुडघ्याची परीक्षाच. पण हे सगळं एकवेळ सोडा. खरी गोम वेगळी आहे. या सहलींच्या कागदावर 'करिंथ' असं लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ बहुतेक वेळा कालव्यावरचा पूल. वीस मिनिटं थांबायचं, फोटो, कॉफी, बाथरूम, की बस पुढं. प्राचीन करिंथ तिथून आठ-दहा किलोमीटर आत आहे आणि बस तिकडं वळतच नाही. आयर्विन पुलावर उभं राहून फोटो काढायचा आणि सांगली बघितली म्हणायचं, तशातला प्रकार.

म्हणजे साहेबांच्या चौथाई पैशात बाकी सगळं येतं, फक्त तुम्हाला हवं ते येत नाही. हे त्यांना असंच सांगा. शेतकऱ्याला हा हिशेब लगेच कळतो.

आता खासगी गाडीबद्दल. इथं मी स्वतः तोंडघशी पडले आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते. काही वर्षांपूर्वी पुण्याच्या नऊ जणांना घेऊन मी करिंथला गेले होते. 'प्रायव्हेट टूर' म्हणून व्हॅन ठरवली होती. चालक मोठा गोड माणूस, रस्ताभर गोष्टी सांगत होता. अवशेषांच्या फाटकाशी गाडी लावली, दार उघडलं आणि म्हणाला, "तुम्ही बघून या, मी इथं कॉफी घेतो." मी बघतच राहिले. ग्रीसमध्ये पुरातन स्थळांच्या आत माहिती सांगायचं काम परवाना असलेल्या गाईडनंच करायचं असतं. चालक कितीही जाणकार असला तरी त्याचं काम फाटकापाशी संपतं. त्या बिचाऱ्यानं मला फसवलं नव्हतं, मीच कागद नीट वाचला नव्हता. मग मी आव आणून, हातातले छापील कागद वाचत सगळ्यांना फिरवलं. संग्रहालयाजवळ नक्षीदार माथ्याचे काही खांब उभे दिसले. मी ठोकून दिलं, "हे अपोलोचं देऊळ." ते होतं एक रोमन देऊळ. अपोलोचं देऊळ पाठीमागं ढळढळीत उभं होतं. सायंकाळी हॉटेलवर एका काकांनी हळूच मोबाइल दाखवून माझी चूक माझ्या पदरात घातली.

तेव्हा मुलाला सांगून आत्ताच विचारून घ्या: सोबत परवानाधारक गाईड आहे का, तो आत येणार का, किती तास? प्रवेशाची तिकिटं धरली आहेत की वेगळी? टोल? 'पूर्ण दिवस' म्हणजे किती तास, आणि ते हॉटेल ते हॉटेल मोजायचे ना? भाव गाडीचा असतो, माणशी नसतो. त्यामुळं चौघांत भागला की आकडा ऐकायला तितका भयंकर राहत नाही. आणखी एक बारीक गोष्ट. तुम्ही चौघं आणि पाचवा गाईड एका सेडानमध्ये बसत नाहीत. गाईड थेट करिंथच्या फाटकावर भेटणार असेल तर साधी गाडी पुरते. अथेन्सपासून सोबत हवा असेल तर व्हॅन लागते. माझं मत विचाराल तर गाडी साधी घ्या, वाचलेला पैसा गाईडला द्या आणि त्याला तीन तासांसाठी फाटकावरच बोलवा. काळी चकचकीत मर्सिडीज करिंथमध्ये तुम्हाला काहीच सांगणार नाही.

गाईडचा एवढा आग्रह का, तर करिंथ दोनदा वसलेलं गाव आहे आणि ते नुसत्या डोळ्यांना कळत नाही.

नकाशा तुमच्या डोळ्यांसमोर असेलच, फळ्यावर किती वेळा काढला असेल. ग्रीसची मुख्य भूमी आणि खालचं पेलोपोनीज द्वीपकल्प यांना जोडणारी एक चिंचोळी पट्टी आणि त्या पट्टीच्या मानेवर बसलेलं हे शहर. पश्चिमेच्या आखातावर लेखायन बंदर, पूर्वेच्या समुद्रावर केंख्रेआई बंदर. दोन्हीकडचा गल्ला एकाच गावाकडं! पेलोपोनीजला वळसा घालून जायचं म्हणजे खवळलेला समुद्र, म्हणून इसवी सनापूर्वी ६०० च्या सुमाराला त्यांनी पट्टीवरून फरसबंदी रस्ता बांधला. त्याचं नाव दिओल्कोस. त्यावरून माल, आणि वेळ पडली तर अख्खी गलबतं, जमिनीवरून ओढून पलीकडच्या समुद्रात सोडायची. अशा गावात पैसा किती खेळत असेल! जुनी ग्रीक म्हणच होती की करिंथची सफर प्रत्येकाच्या नशिबी नसते. कारण तिथं खिसा हलका व्हायचा. साहेबांनी कपाळाला हात लावला, तो दोन हजार वर्षांच्या परंपरेला धरूनच होता असं समजा.

त्या पहिल्या, ग्रीक करिंथची आज ठळक उभी असलेली खूण म्हणजे अपोलोच्या देवळाचे सात खांब. इसवी सनापूर्वी सहाव्या शतकाच्या मध्याचे. मूळचे ३८ होते. बहुतेक ग्रीक देवळांचे खांब चकत्या एकावर एक रचून केलेले असतात. इथला प्रत्येक खांब एका अखंड दगडाचा, सात मीटरहून उंच. बघताना त्याचं वजन जाणवतं. आणि गंमत म्हणजे हे खांब 'करिंथियन' नाहीत, डोरिक आहेत. साधे, जाडजूड, नक्षी नसलेले. मुंबईला एशियाटिकच्या पायऱ्या चढताना समोर दिसतात त्याच घराण्यातले. पानांच्या नक्षीचा माथा असलेले खांब जगभर करिंथच्या नावानं मिरवतात आणि करिंथला पोचलेला माणूस पहिला प्रश्न हाच विचारतो की ते कुठायत. मी त्यातच फसले होते, ते सांगितलंच.

मग आलं इसवी सनापूर्वी १४६. तुम्ही हे शिकवलं असेल, पण त्याच्या पन्नास वर्षं आधीची गोष्ट पुस्तकात असतेच असं नाही. इसवी सनापूर्वी १९६ मध्ये याच पट्टीवर, इस्थमियाच्या खेळांना जमलेल्या गर्दीसमोर, रोमन सेनापती फ्लॅमिनिनसनं जाहीर करवलं की ग्रीक शहरं आता स्वतंत्र आहेत. लोकांनी असा काही जल्लोष केला की वरून उडणारे कावळे खाली पडले, असं ग्रीक चरित्रकार प्लुटार्क लिहितो. पुढं पन्नास वर्षांनी त्याच रोमचा मम्मियस आला. त्यानं पुरुष कापले, बायकापोरं गुलाम म्हणून विकली, गाव जाळलं. मूर्ती आणि चित्रं जहाजांवर लादून रोमला धाडली. या मम्मियसनं जहाजवाल्यांना ताकीद दिली होती म्हणे की वाटेत काही मोडलं तर बदली नवीन भरून द्यावं लागेल. प्राचीन कलाकृतीच्या बदली नवीन! जणू कपबश्यांचा सेटच. ही गोष्ट ऐकून आमच्या गटातल्या एक काकू म्हणाल्या होत्या, "असले व्याही असतात काही."

शंभरहून जास्त वर्षं गाव जवळपास ओसाड पडलं. इसवी सनापूर्वी ४४ मध्ये ज्युलियस सीझरनं तिथं नवी वसाहत ठरवली आणि रोमहून माणसं आणून बसवली. त्यांत गुलामीतून सुटलेले पुष्कळ. या नव्या करिंथकरांनी घरं बांधता बांधता जुन्या थडग्यांतली भांडी उकरून काढली आणि रोमच्या बाजारात विकून पैसा केला. हे स्ट्रॅबो या प्राचीन भूगोलकारानं नोंदवून ठेवलंय. म्हणजे आज तुम्ही चालाल तो फरसबंदी लेखायन रस्ता, ती दुकानांची रांग, तो भला मोठा चौक, हे बहुतेक सगळं या दुसऱ्या गावाचं. मधे वर टेकाडावर सात खांब तेवढे पहिल्या गावाचे. हे एकदा कुणी बोट दाखवून सांगितलं की सगळं उलगडत जातं. नाहीतर साहेब म्हणतात तेच खरं, पडके दगड.

चौकाच्या मधोमध एक उंच दगडी ओटा आहे, बेमा. इसवी सन ५१ च्या आसपास ख्रिस्ती धर्मप्रचारक पॉलला ज्यू मंडळींनी इथं रोमन अधिकारी गॅलिओसमोर उभं केलं. गॅलिओनं हे तुमचं आपसातलं आहे म्हणत प्रकरण झटकून टाकलं. पॉल इथं दीड वर्ष राहिला, पोटासाठी तंबू शिवत होता. पुढं त्यानं इथल्या लोकांना पत्रं लिहिली, मराठी बायबलमध्ये त्यांचं नाव 'करिंथकरांस पत्र'. मला हे 'करिंथकर' फार आवडतं. सांगलीकर, तासगावकर यांच्या पंगतीत पान मांडल्यासारखं वाटतं.

बेमापासून खाली उतरलं की पिरेनीचा झरा लागतो. दगडी कमानींची रांग आणि आतल्या अंधारात पाणी. पंखवाला घोडा पेगॅसस इथं पाणी प्यायला आला आणि बेलेरोफोननं त्याला लगाम घातला, ही त्यांची पुराणकथा. आत जाता येत नाही. पण कमानीपाशी दोन मिनिटं गप्प उभं राहा. संग्रहालयाच्या बाजूला ग्लॉकीचं कातळात खोदलेलं टाकं आहे. पुराणकथेतल्या मीडिया नावाच्या बाईनं सवतीला, म्हणजे या ग्लॉकीला, विषारी वस्त्र पाठवलं, अंगाची आग झाली म्हणून तिनं यात उडी घेतली. अलेक्झांडर आणि फकिरासारखा राहणारा तत्त्वज्ञ डायोजेनिस यांची "जरा बाजूला हो, ऊन अडवतोयस" ही गोष्ट पोरांना सांगितली असेल, तीही इथलीच, करिंथच्या वेशीबाहेरची. ती नेमकी जागा आज कुणी दाखवत नाही, पण गोष्ट तिथं उभं राहून सुनेला सांगा. गाईडला नाही. हे तुमचं काम.

आता साहेबांचं बघू.

पहिली गोष्ट गुडघ्याची. खालचे अवशेष बऱ्यापैकी सपाटीवर आहेत, पण खडी आणि उंचसखल दगड आहेत. काठी न्या आणि ती वापरायला लावा. थकले की संग्रहालयाच्या अंगणात सावली आहे, तिथं बसवा. आणि तिथवर आणलंच आहे तर आस्क्लेपिओसच्या देवळातल्या वस्तू दाखवा. आस्क्लेपिओस हा आरोग्याचा देव. बरं वाटावं म्हणून किंवा बरं वाटलं म्हणून लोक त्याला मातीचे अवयव वाहायचे. हात, पाय, कान, स्तन, हुबेहूब मापाचे. आपल्याकडं चांदीचे डोळे वाहतात, वांद्र्याला माउंट मेरीला मेणाचे हातपाय मिळतात, नेमका तोच नवस, दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वीचा. ही खोली कधीकधी बंद असते, तेव्हा गाईडला आधीच सांगून ठेवा की ती उघडून मागा. ज्याला देवळं-अवशेषांत गोडी नाही असा माणूस मातीच्या गुडघ्यासमोर पाच मिनिटं उभा राहिलेला मी पाहिलाय.

याच संग्रहालयावर १९९० मध्ये मोठा दरोडा पडला होता. पावणेतीनशेहून जास्त वस्तू चोरांनी नेल्या. १९९९ मध्ये त्यातल्या बहुतेक थेट अमेरिकेत, मायामीला सापडल्या. ताज्या मासळीच्या खोक्यांत खाली दडवलेल्या! हे साहेबांना नक्की सांगा. इतिहासात रस नसला तरी चोरीत सगळ्यांनाच असतो.

दुसरी गोष्ट कालव्याची, आणि इथं त्यांचा एक तास. ज्यानं विहीर खोदून घेतलीय त्याला हा कालवा तुमच्यामाझ्यापेक्षा जास्त कळेल. लांबी सव्वासहा किलोमीटरच्या वर, पाण्याशी रुंदी जेमतेम पंचवीस मीटर आणि दोन्ही बाजूंना उभे कापलेले कडे, सर्वांत उंच जागी ७९ मीटर. इसवी सन ६७ मध्ये रोमन सम्राट नीरोनं खोदायला घेतला होता, पहिली कुदळ स्वतः मारली आणि सहा हजार ज्यू कैदी कामाला लावले. पुढच्याच वर्षी तो मेला आणि काम पडलं. ते पुरं व्हायला १८९३ उजाडलं. माती ठिसूळ, कडे ढासळतात. २०२१ मध्ये दरड कोसळून कालवा बंद ठेवावा लागला होता. आजची मोठी जहाजं यातून मावतच नाहीत. एवढा खटाटोप करून बांधला आणि जगाची जहाजं वाढत गेली, ही त्याची शोकांतिका. पण वरच्या पुलावरून बघून निघू नका. पूर्वेच्या तोंडाशी, इस्थमियाला, एक पूल आहे, तो उघडत नाही की उचलत नाही, तो पाण्यात बुडतो. जहाज आलं की अख्खा पूल खाली जातो, जहाज वरून जातं, पूल पुन्हा वर येतो. कधी वर मासेही येतात. शेजारी बसायला जागा आहे. साहेबांना खुर्ची द्या आणि कॉफी. जहाज येईल न येईल, पण वाट बघायला ही जागा बरी आहे.

तिसरी गोष्ट मी मुद्दाम मागं ठेवली होती. बाई, तुमच्या यजमानांचा धंदा आणि तुमचं करिंथ यांचं जुनं नातं आहे आणि ते त्यांना कुणी सांगितलेलं दिसत नाही. इंग्रजीत बारीक काळ्या बिनबियांच्या मनुकांना 'करंट' म्हणतात. तो शब्दच करिंथवरून आला, करिंथच्या मनुका म्हणून. ग्रीक लोक आजही त्यांना 'कोरिंथियाकी स्ताफिदा' म्हणतात, स्ताफिदा म्हणजे मनुका. दाणा मिऱ्यापेक्षा थोडा मोठा, रंग जवळपास काळा. (आपण आइस्क्रीममध्ये खातो ते ब्लॅक करंट हे वेगळंच झुडपी फळ, दिसायला त्या मनुकांसारखं म्हणून त्याला नाव चिकटलं.) एकोणिसाव्या शतकात ग्रीसची निर्यात मोठ्या प्रमाणात या मनुकांवर उभी होती. फ्रान्सच्या द्राक्षबागा फायलॉक्सेरा किडीनं बसल्या, तेव्हा फ्रेंचांनी दारूसाठी ग्रीक मनुका मागवायला सुरुवात केली. मग काय, जो उठला त्यानं ऑलिव्हची झाडं तोडून बाग लावली. फ्रेंच बागा सावरल्या, मागणी गेली, भाव कोसळले. १८९३ च्या डिसेंबरात ग्रीसनं दिवाळं जाहीर केलं. कालवा उघडला तेच वर्ष. भाव बघून लागण करायची आणि माल आला की भाव पडायचा, ही गोष्ट तासगावच्या सौद्यात बसलेल्या माणसाला मी काय सांगावी!

म्हणून माझा एक पर्याय. अवशेषांच्या वर डोंगरावर एक किल्ला आहे, तो तुम्हाला महत्त्वाचा नसेल तर तो सोडून नेमेयाला जा. करिंथहून अर्ध्या तासावर. तिथं झ्यूसच्या देवळाचे खांब तुमच्यासाठी आणि भोवती मैलोन्‌मैल द्राक्षबागा त्यांच्यासाठी. आपल्यासारख्या एप्रिलची खरड आणि ऑक्टोबरची छाटणी अशा दोन छाटण्या तिथं नाहीत. हिवाळ्यात वेल झोपतो, तेव्हा एकदाच छाटायचा. वाइनची द्राक्षं, वेल कमरेएवढे, तारांवर. मे महिन्यात वेलींवर कोवळा पाला असेल, घड नसतील. तरी ते बघतील, माती हातात घेतील आणि ड्रायव्हरला पाण्याचं विचारतील. हे मी पैजेवर सांगते.

किल्ला घ्यायचा असेल तर ऐका. आक्रोकरिंथ ५७५ मीटर उंच. गाडी पहिल्या दरवाजाच्या जवळ जाते, तिथून पायी. आपल्या गडांसारखे एकामागून एक तीन दरवाजे, वाट दगडी, चढाची आणि झिजून गुळगुळीत झालेली. साहेबांनी पहिल्या दरवाजाच्या पुढं जाऊ नये, हे मी स्पष्टच लिहिते. तुम्ही आणि मुलगा तिसऱ्या दरवाजापर्यंत जाऊन या. माथ्यापर्यंत गेलात तर दोन्ही समुद्र दिसतात आणि गाव इथंच का बसलं हे एका नजरेत कळतं. १२०८ मध्ये लिओ स्गुरोस नावाच्या सरदारानं वेढ्याला कंटाळून घोड्यासकट इथून उडी टाकली अशी कथा आहे. माथ्यावर प्रेमाची देवी ॲफ्रोडाइटी हिचं देऊळ होतं, त्यात हजार देवदासी होत्या असं स्ट्रॅबोनं लिहिलंय आणि काही गाईड ते मीठमसाला लावून सांगतात. त्या माथ्यावर देवळाची जागा बघा, मग हजाराचा आकडा मनात तपासा. अभ्यासकांनाही तो पचत नाही. किल्ल्याच्या वेळा खालच्या अवशेषांपेक्षा वेगळ्या असू शकतात, आदल्या दिवशी बघून घ्या.

दिवसाचा क्रम असा ठेवा: आठला निघा, कालव्यावर थांबू नका, कारण सकाळी सगळ्या बसा तिथंच असतात. साडेनऊला थेट अवशेषांच्या फाटकावर. बारापर्यंत गाईडबरोबर बाहेर, मग संग्रहालय. जेवण फाटकासमोरच्या गावात. मग किल्ला किंवा नेमेया. कालवा परतीच्या वाटेवर. साडेनऊ-दहा तास होतात. आठ तासांचंच पॅकेज असेल तर मधलं एक कापा, जेवण कापू नका.

जेवणात तुम्ही शाकाहारी असाल तर 'निस्तीसिमो' हा शब्द पाठ करा. त्यांच्या चर्चच्या उपवासाचं जेवण, त्यात मांस, दूध, अंडी नसतात. पण त्यांच्या उपवासाला कोळंबी आणि ऑक्टोपस चालतात, तेव्हा ताटात काय आहे ते विचाराच. भात भरलेले टोमॅटो आणि ढोबळी मिरची म्हणजे 'गेमिस्ता' (खिमा नाही ना, विचारा), मोठे पावटे टोमॅटोत शिजवलेले ते 'गिगांतेस'. चटणी बरोबर नेणारच असाल.

साडी खाली चालेल, किल्ल्यावर नको. वारा आणि निसरडे दगड दोन्ही आहेत, त्या दिवशी पंजाबी ड्रेस घाला. पायात रबरी तळव्याचे बूट, सॅंडल नाही. उन्हाचं तासगावकरांना काय सांगायचं, मे महिन्यात तिथं आपल्यापेक्षा बरंच सुसह्य असतं. टोपी मात्र न्या, अवशेषांत झाडं कमी. तारखा थोड्या पुढं सरकल्या तर लक्षात ठेवा, १८ मे हा संग्रहालय दिन, सरकारी स्थळांना प्रवेश फुकट आणि गर्दीही तशीच.

राहिला मुलाचा पैसा. त्यानं तुम्हाला दिवस दिला आणि तुम्ही नवऱ्याबरोबर त्याचा दर ठरवत बसलात. ते त्याचं त्याला ठरवू द्या. त्याला जड वाटलं तर तो सांगेल, तेव्हा गाडी लहान करा, गाईडचे तास कमी करा. एवढं त्याच्याशी मोकळं बोला, ह्यांच्यामार्फत नको.

जायच्या आधी एक काम करा. कोल्हापूरला टाऊन हॉलच्या संग्रहालयात जाऊन या, दोघंही. शाळेच्या सहली तुम्ही नेल्या असतीलच. तिथं ब्रह्मपुरीच्या उत्खननात मिळालेली पोसायडनची, म्हणजे ग्रीकांच्या समुद्रदेवाची, ब्राँझची छोटी मूर्ती आहे, समुद्रावरून पंचगंगेच्या काठाला आलेली. इस्थमियाचे ते खेळ, ज्यांत कावळे पडले, याच पोसायडनच्या नावानं भरायचे. साहेबांना ती मूर्ती आधी इथं दाखवा. तिथं बुडणाऱ्या पुलापाशी बसले असताना मग सांगा की आपण आत्ता याच देवाच्या गावात आहोत.

आणि परत निघताना अथेन्सच्या बाजारात त्यांना 'कोरिंथियाकी स्ताफिदा' अर्धा किलो घेऊ द्या. ते दाणा दोन बोटांत चुरगाळून बघतील, भाव रुपयात काढतील आणि आपला माल किती उजवा ते दुकानदाराला मराठीतच सांगतील. सांगू द्या.